चष्म्याच्या घरातला जर्दाळू

हे कोणालाच खरं वाटणार नाही. मामांची प्रत्येक गोष्ट याच वाक्याने सुरू व्हायची, तेव्हा मामांवरची गोष्टही याच वाक्याने सुरू व्हावी हे रीतीला धरून झालं. फरक एवढाच, की मामा हे वाक्य म्हणत, त्यानंतर तोंडाला येईल ते सांगत, आणि ते सगळ्यांना खरं वाटे. तरुणपणी त्यांना याची भारी मौज वाटायची. उतारवयात मात्र त्याचा शीण येऊ लागला होता. खरं बोलणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन पाय पसरतो. खोटं बोलणाऱ्याला सुट्टी नसते. त्याला काल काय बोललो ते आज सांभाळावं लागतं, आणि आज काय बोललो ते उद्या.

मामा पाईपच्या तंबाखूच्या एका छोट्या कारखान्यात चव पाहायच्या कामावर होते. तसे ते एकट्या भाचीचे मामा. पण भाचीही तिथेच कामाला, त्यामुळे पानं कातरणाऱ्यापासून डबे बंद करणारीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. मालकीणबाई वयाने मोठ्या, त्यासुद्धा. ज्याला सगळ्यांनी मामा म्हणायचं त्यानेच सगळ्यांना मामा बनवायचं, असा योग एरवी जुळून येत नाही.

त्यांच्या नावावरच्या कहाण्या कारखान्यात अशा काही फिरत की ऐकणाऱ्याने हात जोडावेत. एकदा म्हणे त्यांनी पहिल्याच झुरक्यावरून सांगितलं, की हे पान उतारावरच्या शेतातलं, त्यातही खालच्या कोपऱ्यातलं, आणि ज्याने ते तोडलं त्याचं त्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं. चौकशी केली तर खरंच झालेलं निघालं. कोणाचं कोणत्या दिवशी होत नाही, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. आणखी एकदा नासपतीच्या तंबाखूचा वास इतका अस्सल उतरला, की गांधीलमाश्या मामांच्या मागे मागे थेट बसपर्यंत आल्या आणि कंडक्टरने त्यांचीही तिकिटं मागितली. मामांनी काढली. डबे बंद करणारी बाई ही गोष्ट आपल्या नातवंडांना सांगे, आणि शेवटी म्हणे, "माणूस मोठा दिलदार."

आता यातलं इंगित सांगायचं तर फळाच्या वासाची तंबाखू कशी असते ते आधी सांगायला हवं. पान वाफवतात, दाबतात, काळं होईस्तोवर मुरवतात आणि शेवटी त्यावर फळाचा अर्क शिंपडून झाकून ठेवतात. डबा उघडला की वाटतं, आता तोंडात फळच येणार. ते काही येत नाही. ओढणाऱ्याच्या वाट्याला थोडी ऊब, थोडी वाफ आणि गोडव्याची नुसती चाहूल येते. फळ सगळं जातं शेजारी बसलेल्याच्या नाकात. रांधणाऱ्या बाईची भूक वासानेच मरते आणि जेवून ढेकर दुसरेच देतात, तसंच काहीसं.

मामांना तर चाहूलही लागत नव्हती. त्यांचं नाक गेलं होतं. केव्हा गेलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दाढ पडली तर हातात येते. नाक गेलेलं कळायलाच वेळ लागतो. जीभ मात्र शाबूत होती. तंबाखू कडक की सौम्य, जिभेला चावते की नाही, तळाशी ओल धरते की शेवटपर्यंत कोरडी जळते, हे मामा डोळे मिटून सांगत आणि ते शंभर टक्के खरं असे. पण फळ कुठलं, कच्चं की पिकलं, अर्क जास्त झाला की कमी, हे सांगायचं काम नाकाचं. आणि ते नाक होतं घरी, मामींच्या चेहऱ्यावर.

मामा संध्याकाळी घरी येत, अंगातला कोट काढून मामींच्या हातात देत. मामी तो खुंटीला अडकवता अडकवता नाक मुरडत आणि बोलत. "आज अंजीर. शिळं आहे जरा." किंवा "हे काय, कोणी जामचं पातेलं करपवलं?" मामा ऐकून घेत. चहा पीत. सकाळी कारखान्यात जाऊन अंजिराची नाहीतर करपलेल्या पातेल्याची एक लांबलचक गोष्ट सांगत, आणि मालकीणबाई मान डोलावत. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळीच द्यायचा, हा नियमही मामांनीच पाडलेला. "धूर रात्रभर झोपू द्यावा लागतो," असं त्यांनी एकदा सांगितलं होतं. "झोपेतून उठलेला धूर खरं बोलतो." बाईंना ते पटलं होतं. आपण कोटावरून काय सांगतो आणि त्याचं पुढे काय होतं, हे मामींना ठाऊक होतं की नाही, ते मामांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मग उत्तर ऐकावं लागलं असतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी बाईंनी मामांना वर बोलावलं.

वर म्हणजे चव पाहायच्या खोलीत. जिना उभा, गुडघे जुने. मामा दोनदा थांबून वर पोहोचले. खिडकी बंद, भिंती पिवळट, तीन खुर्च्या आणि कपाटात पांढऱ्या मातीच्या पाईपांची रास. दर वेळी नवा पाईप, आणि एकदा ओढला की फेकायचा. त्याला कारण होतं. लाकडी पाईप म्हणजे मनात धरून बसणारा माणूस. त्यात एकदा चेरी ओढलीत, की पुढे तुम्ही त्यात काहीही भरा, तो आपलं जुनं चेरीचं उकरून काढतोच. मातीचा बिचारा मनात काही ठेवत नाही. हे कारखान्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला मामाच शिकवत, आणि हे खरं होतं.

"मामा," बाई म्हणाल्या, "भाचीचं नवं मिश्रण तयार आहे. उद्या दुपारी व्यापारी येतोय. त्याच्यासमोर ओढायचं आणि त्याच्यासमोरच सांगायचं."

"समोरच? बाई, धूर झोपायला लागतो हो."

"त्याला म्हणावं, उद्याच्या दिवस डुलकीवर भागव. व्यापाऱ्याची परतीची गाडी संध्याकाळची आहे."

"आणि त्याला नाही पटलं तर?"

बाईंनी कपाळ चोळलं. त्याही दमलेल्याच दिसत होत्या. "तर मिश्रणाचं टेबल उचलायचं, मामा. दुसऱ्यांचा तयार माल आणू, डब्यांत भरून देऊ. भाचीला मी काढणार नाही, डबे बंद करायच्या कामावर बसवीन. पण मिश्रण संपलं. मला आता हे ओढवत नाही."

"मला तर केव्हाचंच ओढवत नाही," मामा म्हणाले, आणि बाईंना तो विनोद वाटला.

खाली भाची मिश्रणाच्या टेबलाशी उभी होती. तिशी उलटलेली, कोपरापर्यंत तपकिरी झालेले हात, बोलणं मोजकं. घरातलं सगळं बोलणं मामांनीच वापरून टाकलंय, तिला काही उरलंच नाही, असं तिची आई म्हणायची. हे टेबल मिळावं म्हणून भाचीने काय काय केलं नव्हतं. तिची आधीची मिश्रणं एकामागून एक पडली होती, आणि पाडली होती मामांनीच, म्हणजे मामींच्या नाकाने. एक उतू गेलेल्या जामसारखं, एक खोकल्याच्या औषधासारखं. भाची तरी रुसली नव्हती. दर वेळी निकाल ऐकायची, मान हलवायची आणि नव्याने पान निवडायला बसायची. मामांच्या शब्दावर तिचा एवढा विश्वास होता, की मामांना तिच्याकडे बघायचीच चोरी झाली होती.

"या वेळी फळ कुठलं?" मामांनी सहज विचारल्यासारखं केलं.

"मामा."

"नाही, आपलं विचारलं."

"मिश्रण करणाऱ्याने चव पाहणाऱ्याला फळ सांगायचं नसतं, हे मला कोणी शिकवलं?"

"शिकवणारा बावळट होता."

ती हसली नाही. "उद्या गोड बोलू नका हां. पडलं तर पडलं म्हणा. मी डब्यांवर बसेन. पण जे असेल ते सांगा."

"मी कधी गोड बोललोय?"

"नाही, तुम्ही लांब बोलता," ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

नमुना कारखान्याच्या बाहेर न्यायचा नाही, हा बाईंचा नियम. मामांनी इकडेतिकडे पाहिलं. डोळ्यांवरचा चष्मा तसाच ठेवून खिशातून चष्म्याचं घर काढलं, टेबलावरच्या डब्यातून पाईपभर तंबाखू त्यात कोंबली आणि झाकण टक्कन लावलं. खोटं बोलण्यात हयात गेली, पण चोरी ही पहिलीच. छाती धडधडली वगैरे काही नाही. तेवढी उमेदच नव्हती. आता हे घेऊन पुन्हा घरचे जिने चढायचे, एवढंच मनात आलं.

घरी पोहोचेपर्यंत पाय भरून आले होते. मामी आत भांडी लावत होत्या. मामा कोटासकट गॅलरीत गेले. काल-परवापर्यंत धूर कारखान्यातच कोटाला लागायचा. आज तो घरी लावून घ्यायचा होता. कोनाड्यात त्यांचा स्वतःचा पाईप होता. लाकडी, जुना, तोंडाशी दातांच्या खुणा पडलेला. मामा सुट्टीच्या दिवशी तेवढा तो ओढत, आणि त्यात चेरीशिवाय दुसरं काही भरत नसत, कारण मामींना चेरीचा वास चालायचा. भाची लहान असताना सुट्टीला आली की हा पाईप नाकाला लावून बसायची.

आता बघा. जो नियम मामांनी सबंध कारखान्याला शिकवला, तो त्या संध्याकाळी त्यांच्या हातांना आठवला नाही. दमलेला हात जवळची वस्तू उचलतो. त्यांनी चष्म्याच्या घरातली तंबाखू त्या चेरीच्या पाईपात भरली, अंगठ्याने बेताने दाबली आणि काडी ओढली. नाक असतं तर पहिल्या झुरक्याला कळलं असतं. पण नाक असतं तर हा खटाटोपच कशाला केला असता?

जिभेला मात्र जे कळायचं ते कळलं. धूर मऊ आला. गिळगिळीत नाही, पोकळही नाही, मऊ. टोचलं नाही, चावलं नाही. अर्ध्यावर आला तरी पाईप तापला नाही, तळाशी पाणी गुरगुरलं नाही, आणि शेवटी उरली ती करड्या रंगाची कोरडी राख. पोरीने जमवलं, मामांच्या मनात आलं. गॅलरीच्या कठड्याला टेकून ते जरा वेळ तसेच उभे राहिले. कित्येक वर्षांत असं पान त्यांनी ओढलं नव्हतं. हे एवढंच उद्या सांगितलं तरी पुरे, असंही वाटून गेलं. पण मग बाई विचारणार, आणि फळ?

ते आत आले आणि कोट काढून मामींच्या हातात दिला.

"गॅलरीत ओढलंत?" मामी म्हणाल्या. "कारखान्यात पोट भरत नाही वाटतं."

"काय येतंय?"

मामी थबकल्या. एवढ्या वर्षांत मामांनी कधी विचारलं नव्हतं. कोट जरा नाकाशी नेऊन त्या म्हणाल्या, "चेरी."

"चेरीच?"

"मग काय, फणस? चेरीच आहे. मागे आणखी काहीतरी आहे, चांगलं आहे, पण तुम्ही उभे वाऱ्याच्या तोंडाला. अर्धा वास समोरच्या बिऱ्हाडात गेला. त्यांना जाऊन विचारा."

"चेरी पुरे."

"पुरे तर पुरे." मामींनी कोट अडकवला. "तुम्ही आता हे काम सोडा."

"सोडू की."

"रोज म्हणता."

"आज दमून म्हणतोय."

"रोज दमूनच म्हणता," मामी म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या खोलीत तिन्ही खुर्च्या भरल्या. मध्ये मामा, डावीकडे बाई, उजवीकडे व्यापारी. भाची दाराशी उभी. व्यापारी चांगला ऐसपैस माणूस. जिना चढून आल्याने घामेजला होता आणि रुमालाने मान पुसत होता.

"मी स्वतः ओढत नाही," त्याने आधीच सांगून टाकलं. "माझं गिऱ्हाईकही ओढणारा नव्हे. माझं गिऱ्हाईक ओढणाऱ्याची बायको. तिने जर म्हटलं, जा, बाहेर जाऊन ओढा, तर तो डबा दुकानात पडून राहतो. तिने म्हटलं, बसा इथेच, तर महिन्याला डबा जातो."

"आमच्या मामांना हे सगळं कळतं," बाई म्हणाल्या.

मामांनी मातीचा नवा पाईप भरला. राख नीट दिसावी म्हणून चष्मा काढायला खिशात हात घातला. सकाळी घाईत चष्मा त्या कालच्याच चष्म्याच्या घरात टाकला होता. झाकण उघडलं तर काचांना तंबाखूचे बारीक तुकडे चिकटलेले. त्यांनी कोटाच्या टोकाने काचा पुसल्या. तपकिरी-काळ्या काड्या मांडीवर पडल्या, त्या झटकल्या, चष्मा लावला आणि घर मांडीवरच ठेवलं. मान वर केली तेव्हा भाची त्यांच्या मांडीकडे बघत होती. कोटाची शिवण उसवलीय, ती बघत असेल, असं मामांना वाटलं.

पाईप पेटला. पाईप पेटलेला असेतो खोलीत कोणी बोलायचं नाही, अशी तिथली पद्धत. मामा सावकाश ओढत होते आणि धूर सोडत होते. जिभेवर कालचाच मऊपणा उतरला. बाकी काही नाही. मग त्यांनी चेहऱ्यांकडे बघायला सुरुवात केली. बहिऱ्याने नाचणाऱ्यांचे पाय बघावेत, तसं. बाईंचे डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. व्यापाऱ्याच्या नाकपुड्या हलल्या, रुमाल मानेवरच राहिला, आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं, की जणू त्याला कोणीतरी लहानपणच्या नावाने हाक मारली. त्याने बोलायला तोंड उघडलं. बाईंनी डोळे न उघडताच बोट वर केलं. तो गप्प झाला.

खोलीत काहीतरी चांगलं चाललं होतं. मामा त्याच्या मधोमध बसले होते, ते त्यांच्याच तोंडातून निघत होतं, आणि त्यांना त्यातलं काडीचं कळत नव्हतं. अशा खुर्चीत किती वर्षं बसलो आपण, असं त्यांच्या मनात आलं, आणि वर्षं मोजायच्या आतच त्यांनी तो विचार परतवला. पाईप संपला. राख करडी, कोरडी. त्यांनी ती बशीत झटकली.

"बोला मामा," बाई म्हणाल्या.

"पान सौम्य आहे," मामा म्हणाले. "जिभेला ओरखडा नाही. तळापर्यंत कोरडं जळतं. दिवसभर ओढा, तोंड येणार नाही. असं पान मी फार वर्षांत ओढलेलं नाही." हे सगळं खरं होतं, आणि खरं असल्यामुळे लवकर संपलं. खोली वाट बघत होती. बाई जराशा पुढे झुकल्या होत्या. मामांनी श्वास घेतला.

"आता पुढचं तुम्हाला कोणालाच खरं वाटणार नाही," ते म्हणाले, आणि बाईंनी समाधानाने पाठ टेकली.

"ऐन उमेदीत मी एकदा पान बघायला डोंगरापलीकडे गेलो होतो. वाट चुकलो आणि एका बागेत शिरलो. चेरीची बाग. त्या वर्षी चेरी अशी लागली होती, की झाडं उभी राहीनात, टेकायला आलेली, एक झाड दुसऱ्याच्या खांद्यावर. आणि पक्षी म्हणाल तर खाऊन खाऊन इतके जड झालेले, की त्यांना उडता येईना. संध्याकाळ झाली की सगळे झाडाखाली रांगेत उभे. माळ्याची बायको यायची, एकेकाला उचलायची आणि फांदीवर ठेवायची. कुठला कोणत्या फांदीवरचा, ते तिला पाठ होतं. एखादा चुकीच्या फांदीवर गेला तर बाकीचे ओरडायचे."

व्यापारी हसला नाही. तो ऐकत होता.

"माळी म्हातारा होता. झाडाखाली बसून पाईप ओढायचा. त्याची तंबाखू पडलेल्या चेरीत मुरवलेली. त्याने मला दोन झुरके दिले. धूर इतका मऊ, की एक पक्षी वाट चुकून त्याच्या पाईपच्या काठावर येऊन बसला, आणि तिथेच झोपला. पेटलेल्या पाईपच्या काठावर. चटका नाही, ठसका नाही. माळी म्हणाला, आता उठेपर्यंत ओढता यायचं नाही. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. मी तो वास पुन्हा मिळेल म्हणून आजवर प्रत्येक पाईपात शोधला. आज मिळाला. बाई, ही ती चेरी आहे. गोड नाही, जामची नाही. झाडाखाली पडलेली, उन्हाने तापलेली."

मग बाईंनी हळूच डोळे पुसले.

"मला मगाशी दुसरंच काहीतरी वाटत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?" व्यापाऱ्याने विचारलं.

"जाऊ द्या. चेरीच."

"मलाही आधी दुसरंच वाटलं," व्यापारी म्हणाला. त्याने हवेत नाक फिरवलं. "पण आता येतेय चेरी. उन्हातली. पक्षीसुद्धा येतोय म्हणा ना." तो मामांकडे वळला. "घेतो मी. चेरी म्हणूनच लावा. आणि डब्यावर तो झोपलेला पक्षी काढा."

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "टेबल राहिलं."

मामांनी दाराकडे पाहिलं. भाचीच्या चेहऱ्यावर आनंद असेल अशी त्यांची अपेक्षा होती. तिथे आनंद नव्हता. मामांना पुढचं सगळं एकदम दिसलं. डब्यावर पक्षी. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला बागेची गोष्ट. जन्मभर ती झाडं टेकू देऊन उभी ठेवायची, ते जड पक्षी रोज संध्याकाळी एकेक करून फांदीवर चढवायचे, आणि एकही चुकीच्या फांदीवर जाता कामा नये. माळ्याच्या बायकोचे हात किती दुखत असतील, असा विचार त्यांच्या मनात आला. ती बाई तर नव्हतीच.

भाची पुढे आली. तिने मामांच्या मांडीवरचं चष्म्याचं घर उचललं, उघडलं आणि राखेशेजारी बशीत उलटं करून झटकलं. कोपऱ्यात अडकलेली तंबाखू खाली पडली. काळी, तपकिरी, जाडसर कातरलेली. तिने ती चिमटीत धरली, आधी बाईंच्या नाकाशी नेली, मग व्यापाऱ्याच्या.

"जर्दाळू," व्यापारी म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "मी मगाशी हेच म्हणणार होतो. यांनी बोट वर केलं म्हणून."

"जर्दाळूच आहे," भाची म्हणाली. "दुसरं काहीच घातलेलं नाही त्यात. चेरी मामांच्या घरच्या पाईपात आहे. लहानपणापासून मला तो वास माहीत आहे. काल त्यांनी नमुना घरी नेऊन त्या पाईपात ओढलाय." तिने बाईंकडे पाहिलं. "टेबल राहायचं तर माझ्या फळावर राहू दे. नाहीतर मी डब्यांवर बसते."

व्यापाऱ्याने पुन्हा एकदा हवा हुंगली, या वेळी कोणाच्या परवानगीची वाट न बघता. "मला जे आवडलं ते मला आवडलं," तो म्हणाला. "चेरी म्हणा, जर्दाळू म्हणा. बायको बसा म्हणेल, एवढं नक्की. जर्दाळू लिहा."

"मग जर्दाळू लिहू," बाई सावकाश म्हणाल्या. पण त्या व्यापाऱ्याकडे बघत नव्हत्या. खोलीतले सगळेच आता मामांकडे बघत होते. बाईंच्या कपाळावर सुटलेल्या आठ्या एकेक करून परत आल्या. "मामा, इतका वास सुटला होता. आणि तुम्हाला चेरी आली?"

मामांनी चष्मा काढला. हातात धरायला चष्म्याचं घर नव्हतं, म्हणून तो तसाच धरून ठेवला. कोटात मान जरा खाली गेली होती. गांधीलमाश्या, भांडणं, करपलेली पातेली, सगळी त्यांच्या मागे रांगेत उभी होती, कोणीतरी उचलून ठेवायची वाट बघत. सवयीने त्यांचं तोंड उघडलं.

"हे तुम्हाला कोणालाच खरं वाटणार नाही, पण त्या माळ्याने जाताना मला असं सांगितलं होतं, की चेरी जर..."

"नाही वाटत, मामा," भाची म्हणाली. "खोटं आहे ते."